किमान दीडशे शब्द

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "एवढं चिडायला काय झालं?" असं विचारायला नको. राग माझ्याकडे वडिलांकडून आला, आणि रागाबरोबर त्यांचा एक शब्दही आला. "कशावरून?"

वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला होते. आमच्या कॉलनीतल्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की ग्रंथवाचन व्हायचं. वाचणारा एक पान वाचायचा आणि थांबायचा. मग बसलेल्यांपैकी कुणीही, अगदी दारात चपला काढत उभा असलेला माणूससुद्धा, "कशावरून?" असं विचारू शकायचा. विचारलं की वाचणाऱ्याला पुढे सरकता यायचं नाही. एकतर उत्तर द्यायचं, नाहीतर "मला माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगतो" असं सगळ्यांसमोर म्हणायचं. कित्येकदा अख्खी सकाळ एकाच पानावर जायची. "आवरा आता, स्वयंपाक पडलाय," म्हणत बायका उठायच्या आणि जाता जाता त्यांच्यातलीच एखादी आणखी एक "कशावरून?" टाकून जायची. यात कुणाला अपमान वाटत नसे. उलट ज्याला कुणी काहीच विचारलं नाही, तो घरी जाऊन तोंड पाडून बसायचा, की आज कुणी नीट ऐकलंच नाही.

मी बी.कॉम. झाले आणि एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून चिकटले, ती अजून तिथेच आहे. वडील गेले. विहारात वाचणारे म्हातारे होत एकेक करून गेले, आणि वाचन आपोआप थांबलं. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मला आता कुणीच "कशावरून?" विचारत नाही. ऑफिसात मी काहीही म्हटलं तरी "बरोबर आहे मॅडम" असं उत्तर येतं. घरी नवरा "तू म्हणशील तसं" म्हणतो, म्हणजे मी गप्प बसावं आणि त्यानं बातम्या बघाव्यात. त्याचा स्वभाव वाईट नाही. पण "तू म्हणशील तसं" म्हणणाऱ्या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि मी वर्षानुवर्षं भिंतीशी बोलत होते.

म्हणून पन्नाशी जवळ आल्यावर तत्त्वज्ञानाच्या एका ऑनलाइन पदविकेला नाव घातलं. घरबसल्या शिक्षण, मराठी माध्यम, आणि सगळे विषय सुटले की एम.ए.ला थेट प्रवेश. मला ते एम.ए. हवं होतं. नोकरीसाठी नाही, बढतीसाठी नाही. एका खोलीत, प्रत्यक्ष खोलीत, वाद घालणाऱ्या माणसांमध्ये बसायचं होतं, आणि त्या खोलीचं दार एम.ए.ला उघडत होतं. पदविका ऑनलाइन असली तरी एम.ए.चे वर्ग नाशकातच भरणार होते.

पहिल्याच दिवशी एक पुस्तिका आली: "विद्यार्थ्यांकडून अपेक्षा". मी ती ऑफिसच्या प्रिंटरवर छापली आणि पेन्सिल घेऊन वाचली. आठवड्याला बारा ते पंधरा तास अभ्यास अपेक्षित. दोन दीर्घ वाचनं. एक ध्वनिमुद्रित व्याख्यान. एक थेट वर्ग, कॅमेरा सुरू ठेवणं बंधनकारक. एक चाचणी. बुधवारपर्यंत फोरमवर स्वतःची पोस्ट. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन सहाध्यायांच्या पोस्टना प्रतिसाद, प्रत्येकी किमान दीडशे शब्द. शिवाय आठवड्याचं "आत्मचिंतन", तेही अपलोड करायचं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "हा अभ्यासक्रम सोपा नाही याची विद्यार्थ्यांनी जाणीव ठेवावी."

खरं सांगते, मला ते वाचून बरं वाटलं. सोपं नकोच होतं मला. म्हटलं, चला, इथे कुणीतरी गंभीर आहे.

कामाचं वेळापत्रक लावलं. पहाटे पाणी यायच्या आधी एक वाचन. शाळेच्या मधल्या सुट्टीत, डब्याच्या झाकणाला फोन टेकवून, व्याख्यान. घरी परतताना रिक्षात चाचणी. रिक्षात तत्त्वज्ञानाची चाचणी देणाऱ्या बाईकडे लोक विचित्र नजरेनं बघतात, पण मला त्याचं काही नव्हतं. वाचनं कुठल्याशा इंग्रजी पुस्तकांतून उचललेली असत, आणि त्यांचं मराठी भाषांतर माणसानं नव्हे, यंत्रानं केलंय हे पहिल्या ओळीतच कळे. "कर्तव्याचा हेतू स्वतःला इच्छेच्या वर उभा करतो." हे वाक्य मी तीनतीनदा वाचायचे. स्वतःलाच दोष द्यायचे, की आपलं डोकं चालत नाही. मग एकदा थेट वर्गात सरांना विचारलं. सर म्हणजे आमचे समन्वयक. तरुण मुलगा होता, स्लाइड वाचून दाखवायचा आणि मधूनमधून "ऐकू येतंय का सगळ्यांना?" विचारायचा. तो म्हणाला, "मॅडम, चांगला प्रश्न आहे. फोरमवर टाका."

फोरमवर टाकला. कुणी उत्तर दिलं नाही, कारण तो प्रश्न त्या आठवड्याच्या विषयाखाली येत नव्हता, आणि विषयाबाहेरच्या पोस्टला प्रतिसाद दिला तर गुण मिळत नव्हते.

गुण कशाला मिळत होते? सांगते. प्रतिसादाचे निकष दिलेले होते. एक, सहाध्यायाच्या मांडणीचं कौतुक. दोन, एक पूरक मुद्दा. तीन, सकारात्मक समारोप. हे सगळं दीडशे शब्दांत. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं, की आनंद हेच जीवनाचं ध्येय आहे हे सर्वमान्य आहे. मी खाली लिहिलं, "कशावरून?" आणि बटण दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: "किमान शब्दसंख्या पूर्ण करा."

मी हसले तेव्हा. नवऱ्यालाही दाखवलं. तेव्हा अजून हसू येत होतं.

दुसऱ्या महिन्यापर्यंत सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. आम्ही कोण होतो? कुणी शिक्षिका, कुणी एलआयसी एजंट, कुणी दोन लहान मुलांची आई, एक निवृत्त बँक अधिकारी. पंधरा तास कुणाकडे होते? कॅमेऱ्यात कुणाचा सीलिंग फॅन दिसायचा, कुणाची फोडणी ऐकू यायची. मग एका शिक्षिकेनं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि तिथे खरा अभ्यासक्रम सुरू झाला. "माझ्या पोस्टला कुणी द्या प्लीज, मी तुमच्याला देते." "काका, मी तुम्हाला मागच्या वेळी दिला होता, या वेळी तुमचा आला नाही." लग्नातला आहेर हुबेहूब. त्यांनी आपल्याला काय दिलं होतं ते आठवायचं आणि त्याच तोलाचं परत करायचं. आत काय आहे हे कुणी उघडून बघत नाही, पाकीट पोचल्याशी मतलब.

या आहेराच्या व्यवहारात सगळ्यात पुढे ते बँकेतले काका. त्यांचा प्रतिसाद एकच होता. "आपली मांडणी अत्यंत मुद्देसूद असून विचारप्रवर्तक आहे," इथून सुरुवात आणि "पुढील लेखनास शुभेच्छा" हा शेवट. मध्ये फक्त विषय बदलायचा. मृत्यूच्या विषयालाही पुढील लेखनास शुभेच्छा. आणि त्यांना पूर्ण गुण पडायचे! माझा संताप व्हायचा. पाट्या टाकण्याचं काम मी दिवसभर ऑफिसात बघते, त्यासाठी पगार मिळतो. इथे माणसं स्वतःच्या हौसेनं, स्वतःच्या झोपेचं खोबरं करून पाट्या टाकत होती, आणि त्याला तत्त्वज्ञानाचा अभ्यास म्हणत होती.

तरी मी पुस्तिकेतलं सगळं करत राहिले. एम.ए. हवं होतं ना. कौतुक, पूरक मुद्दा, सकारात्मक समारोप. फक्त पूरक मुद्द्याच्या जागी मी माझी शंका घुसवायचे. वर "आपली मांडणी छान आहे" लिहिलेलं असल्यामुळे ती कुणाच्या लक्षात यायची नाही. मुळात कुणी वाचतच नव्हतं.

मग "वचन" हा विषय आला. दिलेलं वचन कुठल्याही परिस्थितीत पाळावं का, स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण देऊन लिहा.

येवल्याची एक बाई होती आमच्यात. वर्गात ती कधी बोलली नव्हती. पैठणी विणणारं घर, स्वतः डी.एड. झालेली. तिनं लिहिलं होतं, की सासरे शेवटच्या आजारात खाटेवर पडलेले असताना त्यांनी तिचा हात धरून सांगितलं, "पोरी, घरातला माग बंद पडू देऊ नको." तिनं वचन दिलं. पुढे गावातल्याच शाळेत शिक्षिकेची जागा चालून आली, ती तिनं नाकारली. दिवसभर मागावर बसायचं तर शाळा कशी करणार? शेवटी लिहिलं होतं, "माझे स्वप्न राहिले, पण माझा शब्द राहिला. वचन कोणत्याही परिस्थितीत पाळावे असे मला वाटते."

त्याखाली आहेराचा पाऊस. हृदयस्पर्शी. डोळ्यांत पाणी आलं. ताई, तुम्हाला सलाम. काकांचं "अत्यंत मुद्देसूद" होतंच.

मी ते मधल्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईचा राग नव्हे. एका बाईनं तिचं अख्खं आयुष्य मांडून ठेवलंय, आणि ही माणसं त्यावर हळदीकुंकू वाहून पुढच्या पोस्टकडे निघालीत! आमच्या विहारात हे पान असंच उलटू दिलं असतं का कुणी?

या वेळी मी कौतुक लिहिलं नाही. लिहिलं, की हे वचन तुमचं आहे असं तुम्ही म्हणता, ते कशावरून? मरणाच्या दारातल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराला वचन म्हणायचं का? माग घराचा, धंदा घराचा, मग सासऱ्यांनी तो शब्द तुमच्याकडून का घेतला? मुलाकडून का नाही? आणि तुम्ही शाळेत गेला असता तर मागावर बसायला तुमच्या नवऱ्याला कुणी मनाई केली होती? शेवटी लिहिलं, की तुमचा शब्द राहिला असं मला वाटत नाही, तुमच्याकडून तो काढून घेतला गेला असं वाटतं. दीडशेच्या वर शब्द सहज झाले. बटण दाबलं आणि डबा खाल्ला.

संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. "मॅडम, तुम्हाला मन आहे की नाही?" "कुणाच्या घरातलं असं बाहेर काढू नये." बाहेर तिनं काढलं होतं, मी फक्त वाचलं होतं, पण हे सांगून उपयोग नव्हता. काकांनी जाहीर केलं, की ते वरपर्यंत कळवणार. ती बाई मात्र ग्रुपवर गप्प. शनिवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोरमला कुलूप लागलं. त्या आठवड्याचं कुणी काही वाढवू शकणार नाही, कमी करू शकणार नाही.

सोमवारी समन्वयकाचा फोन आला. मी ऑफिसात होते, बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन बोलले.

"मॅडम, तक्रार आलीय. तुमचा प्रतिसाद निकषात बसत नाही."

"कुठल्या निकषात?"

"कौतुक नाहीये त्यात. समारोप सकारात्मक नाही. सहाध्यायी दुखावल्या गेल्यात."

"त्या म्हणाल्या तसं?"

"त्यांनी नाही, पण... म्हणजे दुखावल्या असणारच ना, मॅडम."

"कशावरून?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुम्ही सीनियर आहात. मी फोरमवर एक वेगळा विषय उघडून देतो. तिथे माफीचं निवेदन टाका, सगळ्यांना दिसायला हवं. ते आलं की मी तुमचा आधीचा प्रतिसाद काढून टाकतो. विषय संपला. नाहीतर सहभागाचे गुण जातील, आणि सहभागात पास झाल्याशिवाय पेपर सुटत नाही, तुम्हाला माहितीये. मग एम.ए.चं अवघड होईल. रविवारपर्यंत टाका." आणि जरा ओशाळून पुढे म्हणाला, "तेवढं दीडशे शब्दांचं बघा. सिस्टिम कमी घेत नाही."

माफीसुद्धा किमान दीडशे शब्दांची! मी पायऱ्यांवर बसून राहिले. राग तर आलाच होता. पण लपवत कशाला, रागाच्या खाली भीतीही होती. ते एम.ए. मला मनापासून हवं होतं. त्यासाठी रात्रंदिवस ऊर फुटेस्तोवर धावून इथवर आले होते. दीडशे शब्दांची माफी म्हणजे मला अर्ध्या तासाचं काम. ऑफिसात मी रोज न पटणारी पत्रं टाइप करते. घरी नवरा म्हणाला, "टाकून दे ना. कोण वाचतंय?" तो बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच मी त्याच्यावर जोरात ओरडले.

मंगळवारी मी माफी लिहायला घेतली. "माझ्या प्रतिसादामुळे" इथपर्यंत लिहिलं आणि पुसलं. बुधवारी शाळा सुटल्यावर परत लिहायला बसले होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे खटखट चालू होती.

"ताई, येवल्याहून बोलते मी. ते वचनवाली."

मी एकदम उभी राहिले. म्हटलं, "बोला ना."

"एक मिनिट हां." खटखट थांबली. "आता बोला. म्हंजी मीच बोलते. मला तुमचा लय राग आला होता. दोन दिवस जेवण गोड लागलं नाय. म्हटलं, ही बाई कोण लागून गेली? मग परत वाचलं. मग मागावर बसले की तेच डोक्यात. आणि आज सकाळी मला सापडलं."

"काय सापडलं?"

"तुमचं चुकतंय ते."

मला सांगता येणार नाही ते वाक्य ऐकून कसं वाटलं. चिडले, हे तर झालंच. पण किती वर्षांनी ते मला कुणी म्हटलं होतं!

"कसं चुकतंय?"

"तुम्ही लिहिलं, मरणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाय. कशावरून? सासऱ्यांनी पहिलं माझ्या नवऱ्यालाच विचारलं होतं. मी तिथंच पाणी घेऊन उभी. तो काही बोलला नाय, गप उठून बाहेर गेला. म्हंजी नाही म्हणता येत होतं ना? कुणी म्हटलं होतं तसं. मला कुणी ढकललं नाय, ताई. मी हो म्हटलं."

"का म्हटलं पण?"

"त्या घरात मला सगळे सांगायचे. हे कर, ते कर. पहिल्यांदा कुणीतरी मागितलं. सांगितलं नाय, मागितलं. म्हणून हो म्हटलं."

मी काहीतरी बोलणार होते, पण ती थांबली नाही.

"आणि तुमचं खरं मानलं, तर लय सोपं होतंय बघा. ते वचनच नव्हतं म्हटलं, की मी मोकळी. काही करायलाच नको. पण ते वचन माझंच हाय. मग मोडायचं असंल तर मलाच मोडावं लागंल, आणि मी मोडलं असं तोंडानं म्हणावं लागंल. शाळेतली ती जागा अजून भरली नाय, ताई. पाळायचंच असं मी लिहून बसले, पण ते मला आता तसं वाटत नाय. माहीतच नाय काय करायचं."

मी हरले होते. वादात हरले की मला राग येतो, तसा आलाही. पण विहारात मी लहानपणी बघितलेला राग तोच होता, ज्याच्यानंतर माणसं एकमेकांच्या घरी चहाला जायची. मी म्हटलं, "अहो, हे लिहा! फोनवर काय सांगताय मला, हे लिहा!"

"कुठं लिहू? फोरम शनिवारीच बंद झाला. मला सुचलं बुधवारी."

यावर मला जो संताप आला, तो आजही उतरलेला नाही. पंधरा तास मोजून मागता. शब्द मोजून मागता. कॅमेरा लावून माणसं मोजता. आणि एका बाईला तिच्या आयुष्यातली खरी गोष्ट सुचायला चार दिवस जास्त लागले, तर तुमचं दार बंद! शनिवारपर्यंत सुचलं तर तत्त्वज्ञान, बुधवारी सुचलं तर काही नाही. कामाचा डोंगर कशासाठी रचलात मग? त्या डोंगराखाली दबून कुणालाच विचार करायला सवड मिळू नये म्हणून? आहेर देणाऱ्या त्या माणसांवरही मी महिनोन्‌महिने चिडत होते. ती तरी काय करणार होती? विचाराला वेळ लागतो, आणि वेळ सोडून सगळं त्या पुस्तिकेत होतं.

हे सगळं मी तिला फोनवरच ऐकवलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "माफी मागणार का तुम्ही? काकांनी ग्रुपवर टाकलंय, की रविवारपर्यंत मागणार."

"तुम्हाला हवी का?"

"मला कशाला? आणि तुमचं लिहिलेलं काढलं, तर माझं उत्तर कशाला हाय ते कसं कळंल?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एक जागा उघडी होती. माझ्या माफीसाठी उघडलेली, सगळ्यांना दिसणारी, रविवारपर्यंत.

शुक्रवारी तिथे पहिली पोस्ट तिची पडली. मी दुखावले नाही, ताईंचे चुकले आहे, कसे ते सांगते. फोनवर म्हणाली होती ते सगळं, जास्त नीट. मी त्याखाली लिहिलं, की मी माफी मागत नाही. माझ्या प्रतिसादात चूक आहे, पण ती उद्धटपणाची नाही, विचाराची आहे. ती वर दाखवून दिली आहे आणि मला मान्य आहे. माझा प्रतिसाद काढू नये, कारण चूक पुसली तर ती दुरुस्त करणारीचं कामही पुसलं जाईल. आणि पुढे तिला विचारलं, वचन तुमचं हे कबूल. पण ज्यांनी मागितलं ते आता नाहीत. मग मोडायचं तर कुणाला विचारून मोडणार? तिनं शनिवारी उत्तर दिलं. मी परत विचारलं. रविवारी सकाळी, बरोबर विहारातल्या वेळेला, आम्ही दोघी फोरमवर भांडत होतो. काकांनी मध्येच येऊन "दोन्ही बाजू विचारप्रवर्तक आहेत" असं टाकलं. आम्ही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

रविवारी संध्याकाळी तो अख्खा विषय गायब झाला. समन्वयकाचा मेल आला: "सदर चर्चा अभ्यासक्रमाशी संबंधित नसल्याने हटवण्यात आली आहे." वचनाच्या विषयाखालचा माझा मूळ प्रतिसादही त्यांनी जाता जाता काढून टाकला होता.

सत्राच्या शेवटी निकाल लागला. लेखी परीक्षेत मी बऱ्यापैकी होते. सहभाग: असमाधानकारक. पेपर राहिला, एम.ए.चं दार बंद झालं. मी निकालाचा स्क्रीन ऑफिसात, पगारपत्रकांच्या ढिगाशेजारी बघितला, आणि मला रडू आलं. हेही सांगून टाकते. रागाचंच रडू होतं, असं म्हणायला मला आवडलं असतं.

ग्रुपवर टाळ्यांचा, फुलांचा, हात जोडल्याचा पाऊस चालू होता. काकांना पूर्ण गुण. येवल्याच्या बाईलाही सहभागात पूर्ण गुण, वर शेरा: "सर्वाधिक प्रतिसाद मिळालेली पोस्ट." शेरा अर्थातच पहिल्या पोस्टला होता, जी तिला स्वतःलाच आता पटत नव्हती. सगळे तिचं अभिनंदन करत होते. ताई, तुमच्या वचनाला सलाम.

मग तिचा मेसेज आला, सगळ्यांच्या फुलांच्या खाली. या ग्रुपला शब्दसंख्येची अट नव्हती.

"मला पूर्ण गुण आणि त्या ताईंना नापास. कशावरून?"

टाळ्या थांबल्या. कुणी टाइप करतंय असं वर दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. मी फोन हातात धरून बसले होते. विहारात "कशावरून?" विचारलं की वाचणाऱ्याला पुढे जाता यायचं नाही. मी वाट बघत राहिले, की निदान एवढ्यांतलं कुणीतरी म्हणेल, मला माहीत नाही, पुढच्या रविवारी सांगतो. तेवढ्यात काकांनी लिहिलं, "पुढील वाटचालीस शुभेच्छा," आणि फुलं परत सुरू झाली.